मंडळाचे पैसे: फी भरायची, पास-मेस द्यायचा की एक माणूस नेमायचा?

यंदा डॉल्बीला फाटा देऊन कोल्हापुरातल्या एका मंडळाकडे लाखभर रुपये शिल्लक राहिलेत आणि त्यांना ते कॉलेजच्या पोरांसाठी वापरायचेत, तर काय करावं असं त्यांनी विचारलंय. बरीच मंडळं फी भरून मोकळी होतात, चेकचा फोटोपण झकास येतो. पण आपल्याकडं ॲडमिशन घेणारी पोरं कमी नाहीत, एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) नाहीतर टी.वाय.च्या (तिसऱ्या वर्षाच्या) तोंडावर गायब होणारी जास्त दिसतात, त्यामुळं 'डिग्री हातात पडेल का' एवढ्याच नजरेनं बघू.

फी आधी बघू. 2001 नंतर राज्य सरकारनं नवीन कॉलेज आणि कोर्सना 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच परवानगी द्यायचं धोरण धरलं, त्यामुळं आज एकाच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर अनुदानित बीए आणि वरच्या मजल्यावर विनाअनुदानित बीसीए असतं, आणि दोघांच्या फीमध्ये काही पटींचा फरक. अनुदानितला फी कमी, पण प्राध्यापक भरती रखडलेली, बरेच तास सीएचबीवाले, म्हणजे तासावर पैसे मिळणारे, सर-मॅडम घेतात आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजला पळतात, त्यांना तरी काय बोलणार. म्हणजे सरकारनं हात आखडता घेतला की एका पोराला ते फीमध्ये जाणवतं आणि दुसऱ्याला शिकवण्यात.

आता फीसाठी सरकारी योजना आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, आणि 2024-25 पासून तेवढ्याच उत्पन्नाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मग मंडळानं परत तिथंच पैसे ओतायचे का? माझं मत, ओतू नयेत. खरी अडचण असते ती योजनेचा पैसा उशिरा येण्याची, आणि ज्याचे कागद अडकलेत त्याची. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, आधार बँकेला लिंक नाही, फॉर्म 'सेंड बॅक' झाला आणि पोरानं तीन महिने लॉगिनच केलं नाही, असले प्रकार. समजा दहा-दहा हजार भरले तर लाखात दहा पोरं झाली, आणि त्यातली किती पुढच्या वर्षी वर्गात बसतील ते देव जाणे.

आता बसचा पास आणि जेवणाची मेस. इथं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी बोर्डिंगंच बोर्डिंगं उभी राहिली, दसरा चौकात आजही दिसतात. खेड्यातलं पोरगं शहरात राहून जेवलं तरच शिकेल हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कर्मवीर अण्णांचं 'कमवा आणि शिका' पण त्याच वाटेवरचं, शिवाजी विद्यापीठात ते आजही चालू आहे.

गगनबावड्याकडची एखादी पोरगी घ्या. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट, आणि एफ.वाय.ला आली की ते बंद. मग विद्यार्थी पास काढायचा, त्यात दोन तृतीयांश सवलत आहे हे खरं, पण उरलेला एक तृतीयांश दर महिन्याला रोख लागतो, रंकाळा स्टँडवर उतरून पुढं कॉलेज लांब असेल तर केएमटीचे, म्हणजे सिटी बसचे, वेगळे. घरी दोन म्हशी, दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यातून आधी पेंड कापली जाते, उरलं तर किराणा. पासाचा दिवस आणि बिलाचा दिवस जुळला नाही की चार दिवस घरी. असे चार-चार दिवस साठून हजेरी जाते, हजेरी गेली की इंटर्नलचे मार्क जातात, आणि घरचे म्हणतात जातीस कशाला मग, स्थळ आलंय चांगलं. पोरांचं वेगळं, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्ट धरतात, हातात पैसा खेळायला लागला की लेक्चर सुटतं.

आता तिसरा पर्याय, माणूस. हा मंडळांना सगळ्यात कमी पटतो कारण त्यात दाखवायला काहीच नसतं. पण अमेरिकेतलं एक उदाहरण मला लई आवडतं. तिकडंही 2008 च्या मंदीनंतर राज्यांनी कॉलेजांचा निधी कापला होता. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 2007 ला 'एसॅप' नावाची योजना चालू केली होती: फीमधली तूट भरायची, पुस्तकांचे पैसे द्यायचे, बस-मेट्रोचं कार्ड द्यायचं आणि प्रत्येक पोराला एक सल्लागार द्यायचा. नीट दोन गट करून अभ्यास झाला तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेतले 40 टक्के निघाले आणि बाहेरचे 22 टक्के. दर पोरामागं खर्च वाढला, पण दर पदवीमागं कमी झाला. आणि गंमत कशात आहे तर, ते प्रवासाचं कार्ड सल्लागाराला भेटलं तरच मिळायचं. पास आणि माणूस एकमेकांना बांधून ठेवलेले.

जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं अजून एक केलं, 2011 पासून. थोड्या बाकीसाठी ज्यांचं नाव कमी होणार होतं त्यांना विद्यापीठानंच स्वतःहून छोटी रक्कम दिली, अर्ज करायला लावलाच नाही. आपल्याकडं याचा जुळा भाऊ म्हणजे परीक्षा फॉर्म. शेवटची तारीख गेली, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब, आणि पोरगं काउंटरवरनं मागं फिरतं. थोडक्या पैशासाठी अख्खी सेमिस्टर जाते.

म्हणून माझं सरळ मत: लाखातले निम्मे पास-मेसला, चौथा हिस्सा परीक्षा फॉर्म आणि बॅकच्या, म्हणजे नापास राहिलेल्या, विषयांसाठी राखून ठेवा, आणि उरलेल्यात आपल्याच पेठेतली एखादी एम.ए. झालेली पोरगी किंवा रिटायर्ड सर मानधनावर बघा, जे आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या तालमीत बसतील. फी भरायचीच असेल तर फक्त विनाअनुदानितमधल्या, कागद अडकलेल्या पोराची भरा, आणि ती पण उसनी, स्कॉलरशिप आली की परत. शून्य फी असलेल्या पोरीला तुमच्या फीचा उपयोग नाही, पासाचा आहे.

त्या माणसाचं काम सल्ले देणं नाही हां. पोर्टलवर फॉर्म कुठं अडकलाय ते बघणं, कुणाचे किती क्रेडिट राहिलेत ते वहीत लिहिणं, आणि ज्यानं सोडलंय त्याला सांगणं की नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलास तरी क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, ॲकॅडमिक बँकेच्या ऑनलाइन खात्यात राहतात, तीन वर्षांच्या आत परत ये. हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, ती समजतात संपलं. नोकरी सुटणारच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे, तिकडं वळवा.

नावं मात्र जूनमध्ये ठरवू नका. तेव्हा सगळेच उत्साहात असतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागू द्या, एक-दोन विषय राहिलेल्यांची यादी काढा आणि तिथनं सुरुवात करा. पासाचे पैसे महिन्याच्या आधी द्या, पावती बघून नंतर देतो असं करू नका, ज्याच्याकडं आधी भरायला पैसे आहेत त्याला तुमची गरज नाही.