राष्ट्रीय नाट्य विद्यालय : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दिल्लीच्या मंडी हाउस भागातील राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या पदविकेसाठी दाखल होऊन मला दहा महिने झाले. प्रवेशासाठी पदवीबरोबरच नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागत असल्यामुळे येथे कोरी पाटी घेऊन कोणी येत नाही. मी पुण्यातील एकांकिका स्पर्धांची सहा वर्षे घेऊन आलो होतो.

सर्वांत जड गेली ती भाषा. हिंदी आपल्याला येतेच, असे प्रत्येक मराठी माणसाप्रमाणे मलाही वाटत होते. परंतु नटाची जी दोन मुख्य साधने, आवाज आणि देह, ती मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, येथपासून माझी सुरुवात झाली. लिंग निदान पाठ करता येते. ‘जहाज’ या एका शब्दातला पहिला ज तालव्य (‘जीव’मधला) आणि शेवटचा नुक्त्याचा (खाली टिंब असलेला, इंग्रजी z सारखा), हे जिभेच्या अंगवळणी पडायला मात्र तीन आठवडे लागले.

दुसरी अडचण माझ्या सवयींची होती. स्पर्धेत वाक्य टाकून क्षणभर थांबायचे आणि टाळी वसूल करायची, हे अंगात इतके मुरले होते की वर्गात समोर टाळी देणारे कोणी नसतानाही मी थांबत असे, आणि ती रिकामी जागा मलाच ऐकू येई. तालमीत ती भरायची कशी, हे अजून पूर्ण साधलेले नाही.

पहिल्या वर्षी सर्वांना सर्व शिकावे लागते; अभिनय किंवा दिग्दर्शन-नेपथ्य ही निवड पुढची. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९६२ ते १९७७ या काळात शिस्त लावणारे संचालक इब्राहिम अल्काझी (जन्माने पुण्याचेच) नाटकाच्या प्रत्येक अंगाबाबत काटेकोर होते, आणि हातोडी धरताना त्याचा अर्थ कळतो. सेटची चौकट स्वतः ठोकल्यापासून मी दारातून प्रवेश घाईने करत नाही.

कॅमेऱ्यापुढील अभिनय हेच ध्येय असल्यास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विचार आधी करावा. पदवी संपताच धावत येण्यापेक्षा दोन-तीन वर्षे मराठीत काम करून यावे, असेही मी सुचवेन.

सुट्टीत जुन्या मित्रांसमोर एक मराठी प्रवेश वाचला, तेव्हा ‘चटका’ म्हणताना माझा च हिंदी झाल्याचे त्यांनी लगेच पकडले. आता रोज रात्री दहा मिनिटे मी मराठी मोठ्याने वाचतो.