रात्री साडेदहाला बंद होणारी अभ्यासिका

राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी धरलेली, पुण्यात सदाशिव पेठेतली ही माझी तिसरी अभ्यासिका. आधीच्या दोन्ही चोवीस तास उघड्या असायच्या, तेच बघून पैसे भरले होते. आईला फोनवर सांगायचे, ‘दोनपर्यंत बसते.’ तिलाही बरं वाटायचं. मग एका रात्री पंचायत राजचं एकच पान चार वेळा वाचलं आणि उठताना त्यातलं काही आठवेना. पुढचे दोन दिवस पित्तानं पडून होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहायच्या आधी झोपेचंच विचारलं.

ही अभ्यासिका पेरुगेटाजवळ, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. सकाळी सहाला उघडते. चौकशीला गेले तेव्हा विचारलं, “काका, परीक्षेच्या आधी तरी रात्रभर उघडी ठेवाल ना?” ते म्हणाले, “नाही गं ताई. तेव्हा तर नाहीच.” राग आला होता. पण लॉकर धरून महिना बाराशे, म्हणून राहिले.

आता आठ महिने झाले. सव्वादहाला काका मधल्या वाटेतले दिवे घालवतात, टेबलांवरचे तेवढे राहतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. पेनांची टोपणं लागतात, मग बॅगांच्या चेनी ओढल्याचे आवाज येतात. अकराला मी अंथरुणात असते आणि झोप लागते.

दुपारची सोय मला सगळ्यात आवडली. मुलींसाठी वरच्या खोलीत सतरंज्या घातलेल्या असतात. डबा खाल्ला की अर्धा तास पाठ टेकायची; वेळ झाली की काकू दार वाजवतात. आधी टेबलावरच डोकं ठेवायचे, मान धरायची आणि कुणी पाहिलं तर चोरी केल्यासारखं वाटायचं.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, प्रत्येकी तीन तास, सलग हातानं लिहायचं. चार पर्यायांतून ओळखण्यापुरतं अर्धवट आठवून आता भागत नाही. माझा रात्री एकचा निबंध आणि सकाळी सातचा निबंध शेजारी ठेवून वाचले. रात्रीच्या निबंधात एकच मुद्दा तीन परिच्छेदांत फिरत होता. मला उपजिल्हाधिकारी व्हायचंय, ती भूक तसूभरही कमी झालेली नाही. म्हणूनच झोप मोडत नाही.

उणिवाही सांगते. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच, सकाळी रांग लागते. खिडकीकडच्या जागांवर चारनंतर ऊन येतं. दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्यांना ही वेळ जमणार नाही, त्यांनी दुसरीकडे बघावं. रविवारी दुपारी दोनला कुलूप लागतं. सुरुवातीला तो वेळ खायला उठायचा. आता मैत्रिणीबरोबर पर्वती चढते, पुस्तक न घेता.

जागा चाळीसच आहेत. चौकशीला संध्याकाळी सहानंतर जा, काका तेव्हा असतात. आणि भिंतीकडची जागा मागा.