पॅनिक अटॅक आणि योग: आठ महिन्यांचा अनुभव

मी २६ वर्षांची, राहायला भांडुपला, नोकरी लोअर परळला. गेल्या वर्षी सकाळची स्लो लोकल सायन-माटुंग्याच्या मध्ये थांबली आणि मला दरदरून घाम फुटला. छातीत धडधड, हात बर्फासारखे. आता आपण मरतो, असंच वाटलं. दादरला उतरून बाकावर बसून राहिले. ईसीजी नॉर्मल आला. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, हा पॅनिक अटॅक. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं, योग त्यानंतर.

पहिला क्लास दोन आठवड्यांत सोडला. तिथे रोज जोरजोरात कपालभाती. माझ्या बोटांना मुंग्या यायच्या, गरगरायचं, अगदी अटॅकसारखंच. डॉक्टर म्हणाले, श्वास फार वेगाने झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने हे होतं. वर तिथले सर म्हणाले, "गोळ्या बंद कर, योगाने सगळं बरं होतं." या वाक्याचा मला आजही राग येतो. अशा गोळ्या मनाने बंद केल्या तर त्रास उलटू शकतो.

दुसऱ्या क्लासच्या ताई लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते काढलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. ताईंचा भरही कारण समजावून सांगण्यावर. "श्वास घेण्याचं सोड, सोडण्याकडे बघ," म्हणाल्या. चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मग भ्रामरी. अंगठ्यांनी कान बंद करून गुणगुणलं की आवाज कवटीत घुमतो, दात हलके थरथरतात, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

शवासन मात्र जड गेलं. डोळे मिटले की धडधड जास्तच ऐकू यायची. ताई म्हणाल्या, "मग उघडे ठेव, पंख्याकडे बघ." तीन आठवडे मी पंखाच बघितला.

पहिला दीड महिना काहीच फरक नव्हता, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तिसऱ्या महिन्यात झोप लागायला लागली. पाचव्या महिन्यात गाडी पुन्हा सायनपुढे थांबली, धडधड सुरू झाली. वरची कडी घट्ट धरून सहा-सहा आकडे मोजत श्वास सोडत राहिले. दादर आलं, गेलं. करी रोडलाच उतरले आणि पुलावर रडू आलं.

त्यानंतरही अप्रेझलच्या आठवड्यात दोन अटॅक आले. सहाव्या महिन्यात डोस कमी झाला, तो डॉक्टरांनी तपासून केला. समुपदेशन चालूच आहे. श्रेय कुणाला किती, मला वेगळं काढता येत नाही.

रात्री-अपरात्री जीव घाबरला आणि जवळ कुणी नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येतं.