विजेच्या रंध्याची दुरुस्ती : वडसा येथील अनुभव

सागवानाच्या फळ्या रंधताना माझ्या विजेच्या रंध्यातून ठिणग्या उडू लागल्या आणि जळका वास येऊ लागला, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्राने यंत्र न उघडताच नवे घेण्याचा सल्ला दिला. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील मोटार रिवाइंडिंगच्या (मोटारीच्या तारा पुन्हा गुंडाळण्याच्या) कारागिराने मात्र ते माझ्यासमोर उघडून झिजलेले कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि ते ज्यावर घासतात तो काजळलेला तांब्याचा भाग, म्हणजे कम्युटेटर, दाखवला. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलेले नाही, याची मीटरने खात्री करून घेतल्यावरच त्यांनी कम्युटेटर साफ केला, ब्रश बदलले आणि बारीक भुशाने जाम झालेले बेअरिंगही नवे बसवले. काढलेले जुने भाग त्यांनी आपणहून परत दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पावती मात्र मागावी लागते, आणि धानाच्या हंगामात शेतीपंपांच्या मोटारी आधी घेतल्या जात असल्याने थांबण्याची तयारी ठेवावी.