पाच लिटर टर्पेंटाइन, आठ महिने आणि वडिलांची मारुती

नोव्हेंबरात रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइनचा (ऑईल पेंट पातळ करायला घालतात ते) पाच लिटरचा पत्र्याचा डबा आणला होता. तो परवा संपला. गाडीचे तेलकट पार्ट धुवायला काय वापरावं यावर मी इतकी वर्षं इतक्या गोष्टी करून पाहिल्यात की, डबा फेकायच्या आधी एकदा सगळं लिहून ठेवतो.

गाडी १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, हिरवा कर भरायचा आणि घरच्यांचं "ही कधी काढणार?" ऐकून घ्यायचं. इंजिनची मोठी कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात होतात. पण टपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल झिरपलं, ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट फाटून आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फासलं गेलं, असली कामं माझी. खाली पार्किंगमध्ये पार्ट खोलायचे, जुन्या परातीत भरायचे आणि गच्चीवर न्यायचे.

आधी अर्थात रॉकेल. कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजात लहानपणी पाहिलेला द्रव तोच. रेशनचं निळं रॉकेल, कापलेल्या डब्यात, त्यात बुडलेला रंगाचा ब्रश. आमच्या गल्लीतलं रेशन दुकान रॉकेल विसरून आता वर्षं झाली. पांढरं रॉकेल मिळतं, पण शोधावं लागतं. तेल-ग्रीस ते चांगलं काढतं, तक्रार ती नाही. तक्रार अशी की, रॉकेलनं धुतलेला पार्ट दुसऱ्या दिवशीही बोटाला ओशट लागतो. नटबोल्टला ते बरंच, गंज धरत नाही. पण एकदा मी शहाणपणा करून मागचा ब्रेक ड्रम आणि त्यावर घासणारे लायनर रॉकेलनंच पुसून काढले. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात ब्रेक दाबला तर गाडी एका बाजूला ओढायला लागली. लायनरनं रॉकेल पिऊन घेतलं होतं. ते टाकून नवे बसवावे लागले.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, टर्पेंटाइन ही सगळी एकाच कच्च्या तेलाची भावंडं. फरक उकळण्याचा. मिनरल टर्पेंटाइन साधारण १४५ ते २०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं. रॉकेलची शेपटी, म्हणजे सगळ्यात शेवटी उकळणारा भाग, ३००च्या आसपास पोचते, डिझेलची त्याच्याही पुढं. ती जड शेपटी हवेत उडून जात नाही, पार्टवरच बसते. म्हणून डिझेलनं धुतलेला पार्ट कधी वाळतच नाही, रॉकेलचा अर्धवट वाळतो आणि टर्पेंटाइनचा रात्रभरात नीट कोरडा होतो. दुकानदारानं हे सांगितलं असतं तर माझे लायनर वाचले असते. पण तो रंगवाला, त्याला ब्रेकचं काय!

मग पेट्रोल का नको? गॅरेजमधली पोरं टाकीला नळी लावून डबा भरतात आणि दोन मिनिटांत पार्ट चकाचक करतात. मीही केलंय. एक तर ते ग्रीसमध्ये मुरायच्या आधीच उडून जातं, सारखं ओतत बसावं लागतं. दुसरं म्हणजे त्यात बेन्झिन असतं. आपल्याकडच्या नियमात एक टक्क्यापर्यंत चालतं आणि त्यानं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. आता तर पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पण मी पेट्रोल सोडलं ते वेगळ्याच कारणानं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत उताराला जाते. आमच्या गच्चीचा जिना उतरलं की लगेच बाथरूमची खिडकी आणि आत गॅस गीझर. एका रविवारी मी वर पेट्रोलनं परात भरून बसलेलो आणि खालून बायकोचा आवाज आला, "मी आंघोळीला जातेय." हातातला ब्रश तसाच राहिला. काही झालं नाही, परात उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेली. पण त्या दिवसानंतर धुवायला पेट्रोल नाही.

पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगीनं पेटू शकते. टर्पेंटाइन आणि रॉकेलची तीस-पस्तीस अंशांच्या पुढं. पेट्रोलियम कायद्यातही पेट्रोल 'अ' वर्गात, ही बाकीची 'ब' वर्गात. हिवाळ्यात हा फरक मोठा दिलासा देतो. मात्र एप्रिलात गच्चीवर ऊन तापतं, पारा ३८ला जातो, पत्र्याची परात त्याहून गरम, तेव्हा टर्पेंटाइनही सुरक्षित राहत नाही. हे ध्यानात आल्यापासून उन्हाळ्यात मी सकाळी सातला बसतो आणि नऊला डबा बंद करतो. शेजारचे काका सकाळी गच्चीवर विडी ओढायला येतात, त्यांना आता खाली पाठवावं लागतं. त्यांचा थोडा राग आहे.

आता खरा वापर. पहिल्या महिन्यात टर्पेंटाइनवर मी वैतागलो होतो. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यातलं ग्रीस त्यात घातलं तर अर्ध्या तासात पातेल्यात काळा काढा, पण सांध्यावर राखेसारखा थर तसाच. एक लिटर पहिल्याच दिवशी वाया गेलं. उद्यमनगरातल्या वस्तादांना दाखवलं. वडिलांपासूनची ओळख, त्यामुळं भीडभाड नाही. म्हणाले, "अरे, आधी खरवड की. तेल विकत आणून चिखल धुतोस व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. अंगाचा साबण नव्हे, बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा. तेल टर्पेंटाइनमध्ये विरघळतं, साबणाचा चोथा मागं राहतो. या सांध्यांच्या ग्रीसमध्ये वर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड, ती कशातच विरघळत नाही. म्हणजे काढायचं काम हातानंच. आता मी बांबूची कामटी तासून ठेवली आहे. ती अॅल्युमिनियमला ओरखडा पाडत नाही. आधी कामटीनं आणि जुन्या बनियनच्या चिंध्यांनी निघेल तेवढं काढायचं. मग झाकणाच्या डब्यात पार्ट बुडेल इतकंच टर्पेंटाइन घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी टूथब्रश. शेवटी दुसऱ्या डब्यातलं स्वच्छ टर्पेंटाइन अर्धी वाटी घेऊन एक हात. ज्या कामाला लिटर जात होतं ते पाव लिटरवर आलं.

बेअरिंग धुताना मात्र घाई केलेली चालत नाही. आत गोळ्यांच्या मागं टर्पेंटाइन लपून बसतं आणि त्यावर नवं ग्रीस भरलं तर ते पातळ होतं. मी एक दिवस वाळवतो. हवेच्या झोतानं बेअरिंग गरगर फिरवायचा मोह गॅरेजात सगळ्यांना होतो, आवाज छान येतो. कोरड्या गोळ्या एकमेकींवर घासतात आणि बेअरिंग खराब होतं. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेलं बेअरिंग तर बुडवायचंच नाही, आतलं ग्रीस जातं आणि परत भरता येत नाही.

टर्पेंटाइन जिथं हरलं ती जागा म्हणजे कार्ब्युरेटर, जिथं पेट्रोल आणि हवा मिसळतात. जुनं पेट्रोल सुकून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी भोकात, जी पिवळी चिकट लाख जमते, तिला दोन दिवस भिजवूनही काही झालं नाही. तिथं कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रेच लागतो, त्यात अॅसिटोन, टोल्युइनसारखी जहाल द्रव्यं असतात. महाग आहे, पण वर्षाला एक डबा पुरतो. एक अनुभव सांगतो. एका भोकात नळी घालून स्प्रे दाबला आणि तो आतल्या वळणावरून फिरून दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्यात. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धरून उभा होतो. तेव्हापासून सत्तर-ऐंशी रुपयांचा पारदर्शक चष्मा डब्याच्या झाकणालाच बांधून ठेवलाय. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. आणि स्प्रेच्या आधी रबराच्या रिंगा, डायफ्रॅम काढून ठेवा. माझी एक रिंग फुगून दीडपट झाली होती.

रबराचा विषय निघालाच आहे तर ब्रेकचं सांगतो. ब्रेक सिलिंडरमधल्या रबरी वाट्या ब्रेक ऑईलसाठीच बनवलेल्या असतात. टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल, यातलं काहीही लागलं की त्या फुगतात. तिथं ताजं ब्रेक ऑईल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल.  ड्रम आणि डिस्कला मी आता साबणाचं पाणी वापरतो आणि लगेच पुसतो. जुन्या लायनरची धूळ फुंकून उडवायची नाही, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करूनच पुसायची.

थिनर एकदाच आणलं. एनसी थिनर (स्प्रेच्या रंगात घालतात ते) तेलाबरोबर पार्टवरचा रंगही नेतं आणि प्लास्टिकही. थर्माकोलच्या ग्लासात ओतलं तर ग्लासाचा तळ दोन सेकंदांत गायब, सगळं थिनर चपलेवर. वासानं डोकं धरलं ते वेगळंच. आग धरण्यात ते जवळजवळ पेट्रोलचंच भावंड. कॉस्टिक सोडाही केला. गरम पाण्यात विरघळवून भंगारातून आणलेल्या कार्ब्युरेटरचं झाकण टाकलं. बुडबुडे बघून वाटलं, वा, काय जोरात काम चाललंय! ते काम धातू खाण्याचं होतं. अॅल्युमिनियम आणि जस्ताला कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. झाकण काळं, खडबडीत होऊन बाहेर आलं. लोखंडाच्या पार्टला चालतं म्हणून गॅरेजमध्ये वापरतात, पण मारुतीत लोखंड आणि अॅल्युमिनियम शेजारी शेजारी असतात, माझ्यासारख्यानं त्या नादाला लागू नये.

पाण्यातलं डीग्रीझर म्हणून जे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, त्याच्याबद्दल मी थोडा अन्याय करत होतो. इंजिनच्या बाहेरच्या भागावर, जिथं पार्ट खोलायचा नाही तिथं, ते टर्पेंटाइनपेक्षा सरस आहे. आग नाही, वास नाही. फक्त जूनमध्ये त्यानं धुतलेला ड्रम पुसून पडवीत ठेवला आणि सकाळी पाहिलं तर अंगभर तांबूस गंज. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं बीड (ड्रमचं ओतीव लोखंड) रात्रभर ओलं ठेवायचंच नाही. पावसाळ्यात मी परत टर्पेंटाइनवर.

हातांचं सांगायचं राहिलं. पहिले दोन महिने उघड्या हातांनी केलं. टर्पेंटाइन कातडीतलं तेलही ओढून नेतं, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, भाकरी मोडताना तिखट लागून जीव जायचा. मेडिकलमधून पांढरे लॅटेक्सचे हातमोजे आणले, ते दहा मिनिटांत फुगून गळून पडले. निळे नायट्राइलचे टिकतात. हात काळे झालेच तर खोबरेल चोळायचं, पुसायचं आणि मग साबण.

आणि एक चूक, जी मी आजही आठवली की घाबरतो. वापरलेलं टर्पेंटाइन मी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचो. वरचं निवळून पाण्यासारखं दिसतं. एकदा ती बाटली जिन्यात राहिली आणि पुतण्यानं उचलली. वहिनींनी वेळेवर वास घेतला म्हणून बरं. असलं तेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणं जास्त वाईट, म्हणूनच कुणी प्यायलं तर उलटी करवायची नसते, सरळ दवाखाना गाठायचा. आता पत्र्याचा डबा, त्यावर लाल रंगानं 'विष', आणि तो कुलपात.

निवळण्याची युक्ती मात्र सोडली नाही. पाच लिटर आठ महिने पुरलं ते त्यामुळंच. आठवडाभर डबा हलवला नाही की गाळ तळाला बसतो, वरचं अलगद दुसऱ्या डब्यात ओतायचं. रंगानं ते चहासारखं होतं, पण पहिल्या धुण्याला उत्तम. खालचा काळा गाळ मोरीत किंवा गटारात नाही. वस्तादांच्या गॅरेजमध्ये काळं ऑईल नेणारा माणूस येतो, त्याच्या पिंपात तो जातो. गाळ द्यायला गेलं की चहा होतो आणि गाडी विकायचा सल्लाही फुकट मिळतो.

खर्च म्हणाल तर लिटरला दीडशेच्या आसपास पडलं. डबा घेताना 'मिनरल' हा शब्द वाचून घ्या. पाइनच्या झाडाचं नैसर्गिक टर्पेंटाइनही मिळतं, ते महाग आणि काहींना त्यानं अंगावर खाज उठते. वास मिनरललाही आहेच. कपड्यांना लागला की वॉशिंग मशिनमध्ये इतरांच्या कपड्यांबरोबर टाकता येत नाहीत, यावरून आमच्याकडं एक जुना सदरा कायमचा गच्चीवरच्या खिळ्याला गेला.

दुसरा डबा कालच आणला. टपेट कव्हर पुन्हा झिरपतंय. पॅकिंग नवीन आहे, त्यामुळं या खेपेला संशय माझ्यावरच. बहुतेक बोल्ट जास्त आवळले.