फिलिप्स सीडी ९६०: झाकण उघडल्यावर

ऐंशीच्या दशकातला फिलिप्स सीडी ९६० हा सीडी प्लेअर, तोही 'फुल मॉडिफाइड', म्हणजे आतले भाग बदललेला. विकणारा हा शब्द तीनदा म्हणाला, तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. ३८ हजार मोजले. घरी आणून लावला, तर सीडी थांबवलेली असतानाही स्पीकरमधून बारीक स्स्स्.

झाकण काढलं. आत टीडीए१५४१ए, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा ध्वनी-सिग्नल करणारी, जिच्यासाठी लोक आजही वेडे होतात ती सोळा बिटांची चिप. तिच्या दोन्ही अंगांना मिळून १४ छोटे कपॅसिटर असतात, ०.१ मायक्रोफॅरडचे. चिप आतले करंट सतत आलटून-पालटून सरासरीत आणते, त्यात उरलेली खरखर हे कपॅसिटर जिरवतात. म्हणून ते पिनांना जितके चिकटून तितके बरे. आधीच्या मालकाने तिथे अंगठ्याएवढे पिवळे कपॅसिटर लांब तंगड्यांवर उभे केले होते. नाकापेक्षा मोती जड! आउटपुटला सॉकेट, सॉकेटात महागडा वेगवान ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप). ऑसिलोस्कोप लावून पाहिलं तर स्वारी ऑसिलेट होत होती, म्हणजे सिग्नल नसतानाही आपली आपण थरथरत होती.

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. छोटे फिल्म कपॅसिटर, १०५ डिग्रीचे इलेक्ट्रोलिटिक, साधे ऑपॲम्प. एकूण बिल दोन हजाराच्या आत. दोन रविवार गेले. डीसोल्डर करताना बोर्डावरचा तांब्याचा एक ट्रॅक माझ्याही हातून उचकटला, तिथे आता वायरचा तुकडा आहे. पण स्स्स् गेलं. किशोरीताई आमोणकरांची सीडी लावली. तानपुऱ्याची षड्जाची तार छेडल्यावर मागे जो झणत्कार विरत जातो, तो आता शेवटपर्यंत ऐकू येतो. इतके दिवस तो त्या फुसफुशीत बुडत होता.

मग खाज म्हणून तो प्रसिद्ध प्रयोगही केला: एसएए७२२० हा चौपट ओव्हरसॅम्पलिंगचा (सीडीवरच्या नमुन्यांच्या मधे आणखी नमुने भरणारा) फिल्टर वगळून सिग्नल थेट टीडीएला द्यायचा. पहिल्या दिवशी वाटलं, अहाहा, काय गोडवा! पण तो गोडवा म्हणजे २० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबलची घट आहे, बाकी जादू नाही. शिवाय फिल्टरने अडवलेली वरची घाण मोकाट सुटते. कोणतं कोणतं ते न सांगता बायकोला आधी फिल्टरसकट, मग फिल्टरविना ऐकवलं. म्हणाली, "दुसऱ्यात टाळ झोपलेत." फिल्टर परत जागेवर आला. ती चिप चांगलीच तापते, म्हणून डोक्यावर छोटा हीटसिंक चिकटवला. मॉडिफिकेशन म्हणाल तर एवढंच.

या मशिनचा खरा दागिना दुसराच आहे, सीडीएम-१ ही सीडी वाचणारी लेझरची यंत्रणा. लेझर रुळांवर सरकत नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीसारखा एका टोकावर झुलतो. धातूचं ओतीव अंग, ना गिअर ना स्क्रू. सीडी बदलल्यावर मला अजूनही झाकण उघडं ठेवून ती दांडी बघत बसावंसं वाटतं (डोळा लेझरच्या रेषेत न आणता, अर्थात).

वापरलेला घेणार असाल तर अजिबात न उघडलेला शोधा. 'मॉडिफाइड'चे पैसे उलट कमी करून मागा. आणि एखादी सीडी अडखळली म्हणून कुणी लेझरचा प्रीसेट (करंट ठरवणारा छोटा स्क्रू) पिळून करंट वाढवू लागला, तर त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घ्या. चार दिवस वाजेल, मग लेझर जाईल, आणि नवा सीडीएम-१ आता कुणी बनवत नाही.

ते १४ पिवळे कपॅसिटर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पडून आहेत.