नकाशावर फिरणारा कुत्रा

कुत्री फिरवण्याची सेवा मी गेली सहा वर्षे व्यवसाय म्हणून चालवते आहे आणि त्यातले सलग आठ महिने माझ्याच माणसाने मला फसवले. काटेकोरपणे सांगायचे तर त्याने फसवले ते ग्राहकांना आणि त्यांच्या कुत्र्यांना. माझे नाव, माझी पावती आणि माझ्यावरचा विश्वास ही त्याची हत्यारे होती. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ज्या गोष्टींना मी पुरावा मानत होते त्या सगळ्या तो मला रोज न चुकता पुरवत होता, आणि त्याच गोष्टींवर भिस्त ठेवून काम करणारे इतरही अनेक जण असणार.

या धंद्याचा मूळ पेच असा आहे की मागणी दिवसभर सारखी नसते. बहुतेक ग्राहकांना कुत्रा दुपारच्या त्याच दोन-अडीच तासांत बाहेर न्यायला हवा असतो, कारण त्याच वेळी घरात कोणी नसते. चौदा ग्राहक झाल्यावर एकटीने ते जमेना, म्हणून मी एक माणूस ठेवला. त्याने आधीच्या कामाची खात्री पटवण्यासाठी दोन जणांचे फोन क्रमांक दिले होते. मी दोघांनाही फोन केला, दोघांनीही तोंड भरून स्तुती केली, आणि माझे समाधान झाले. ते दोघे त्याचे मित्र होते आणि त्यांच्यापैकी एकाकडेही कधी कुत्रा नव्हता, हे मला वर्षभराने कळले. ‘तुमचा कुत्रा कशाला घाबरतो, पट्टा बांधताना काय करतो, दुसरा कुत्रा समोर आला की कसा वागतो’ असे तीन प्रश्न विचारले असते, तर ते बोलणे एका मिनिटात अडखळले असते. ‘माणूस प्रामाणिक आहे ना’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीही देऊ शकतो.

पहिले दोन महिने त्याने काम खरोखर उत्तम केले. मी अनेकदा त्याच्याबरोबर गेले. त्याचा पट्ट्यावरचा हात हलका होता, आणि कुत्र्याला हुंगायला वेळ द्यायचा असतो, ओढत न्यायचे नसते, हे त्याला सांगावे लागले नाही. त्याला काम येत नव्हते असा समज कोणी करून घेऊ नये; काम उत्तम येत असल्यामुळेच त्याला ते चुकवण्याची नेमकी जागा ठाऊक होती.

माझी तपासणीची पद्धत तीन गोष्टींवर उभी होती. फेरी सुरू करताना त्याने फोनवरचे ॲप चालू करायचे, म्हणजे जीपीएसवरून फेरीचा मार्ग नकाशावर उमटेल. वाटेत कुत्र्याचे एक छायाचित्र काढून मला आणि मालकाला पाठवायचे. आणि परत आल्यावर फेरी पूर्ण झाल्याचा संदेश द्यायचा. आठ महिन्यांत या तिन्ही गोष्टी एकदाही चुकल्या नाहीत. इतकी नियमितता हेच खरे तर संशयाचे कारण असायला हवे होते, कारण मी स्वतः फेरीवर असते तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ॲप सुरू करायला विसरतेच.

आता तो काय करत होता ते सांगते. तो ग्राहकाच्या घरी जाई, कुत्र्याला खाली आणी, फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबापाशी त्याला लघवी करू देई आणि पाच-सात मिनिटांत परत घरात कोंडून कुलूप लावी. ॲप मात्र चालूच राही. त्याच भागात त्याने स्वतःचे खासगी ग्राहक जमवले होते आणि उरलेल्या वेळात तो त्यांची कुत्री फिरवत असे. त्यामुळे माझ्या नकाशावर उमटणारी रेघ खोटी नव्हतीच. तिचा वेग कुत्र्याबरोबर चालणाऱ्या माणसाचाच होता, मधले थांबे खरे होते, दीड-दोन किलोमीटरची लांबीही खरी होती. चालणे खरे होते, फक्त कुत्रा दुसरा होता. ज्या दिवशी खासगी काम नसे त्या दिवशी तो इमारतीच्या जिन्यात बसून राही. तेव्हाही फोन रिकामा नकाशा दाखवत नसे. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते, पण भिंतींच्या आड उपग्रहांचा संदेश परावर्तित होऊन येतो आणि एका जागी असलेला फोनही इकडेतिकडे सरकल्यासारखा दिसतो. त्या सरकण्यांची बेरीज काही शे मीटर होते आणि नकाशावर कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता उमटतो. असे गुंते मी पाहिले होते आणि ‘आज बीगल कुत्र्याने फारच हुंगाहुंग केलेली दिसते’ असे मनाशी म्हटले होते.

छायाचित्रांचे काम त्याने सुरुवातीच्या चांगल्या दोन महिन्यांतच करून ठेवले होते. प्रत्येक कुत्र्याची वीस-पंचवीस छायाचित्रे त्याच्याजवळ साठवलेली होती आणि तो त्यांतले रोज एक पाठवी. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कधी काढले याची नोंद असते, पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवले की ही नोंद निघून जाते. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ती टिकते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि त्याला ठाऊक होते.

कुत्र्यांनी मात्र या काळात एकही गोष्ट लपवली नव्हती, आणि त्याबद्दल मी फक्त स्वतःलाच दोष देऊ शकते. एका ग्राहकबाईंनी कौतुकाने कळवले की हा मुलगा आल्यापासून बीगलचे पंजे अगदी स्वच्छ असतात, फरशी पुसावी लागत नाही. ते कौतुक मी त्याच्यापर्यंत पोहोचवले! त्याच बीगलची नखे वाढून फरशीवर टकटक वाजू लागली होती; रस्त्यावर रोज चालणाऱ्या कुत्र्याची नखे बरीचशी आपोआप झिजतात, एवढे तर मला कळायला हवे होते. एका लॅब्राडोर कुत्रीचे वजन चार महिन्यांत तीन किलोने वाढले आणि तिच्या मालकांनी विचारले की फेरी कमी पडते आहे का. त्यावर मी त्यांना या जातीच्या भुकेविषयी एक लहानसे व्याख्यान दिले. भूक आणि वजनाशी संबंधित एक जनुकीय बदल जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले होते, आणि ते मी नुकतेच वाचले होते. माहिती खरी होती, पण ती सांगून मी एका योग्य प्रश्नाचे तोंड बंद केले.

सगळ्यांत गंभीर प्रकार एका डाल्मेशियनचा होता. या जातीच्या कुत्र्यांच्या लघवीत यूरिक आम्ल जन्मतःच जास्त असते आणि त्यामुळे त्यांना एका विशिष्ट प्रकारचे मूतखडे होण्याचा धोका असतो. त्यांनी भरपूर पाणी प्यावे आणि त्यांना वारंवार बाहेर न्यावे, असे पशुवैद्य सांगतात. या कुत्र्याच्या लघवीत खडे सापडले तेव्हा पशुवैद्यांनी मालकांना पहिला प्रश्न विचारला की तो दिवसातून किती वेळा मोकळा होतो. मालकांनी माझे संदेश दाखवून सांगितले की दुपारी पाऊण तासाची फेरी नक्की होते. खडे फेरी चुकल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण मुळातला दोष आनुवंशिक आहे. परंतु पशुवैद्यांच्या हाती चुकीची माहिती गेली आणि ती माझ्या नावाने गेली.

तो दोन दिवस रजेवर गेला तेव्हा त्याच्या फेऱ्या मी केल्या. बीगल खाली आला, खांबापाशी गेला, पाय वर केला आणि मागे वळून घराच्या दाराकडे चालू लागला. एका झाडाशी तीन-तीन मिनिटे रेंगाळणारा हा कुत्रा, मी पट्टा धरून पुढे जायला निघाले तरी जागचा हलेना. मला वाटले तो आजारी आहे. नंतर लॅब्राडोर दुसऱ्याच कोपऱ्यावर धापा टाकत खाली बसली. दोन्ही कुत्री एकाच दिवशी आजारी असणे शक्य नव्हते.

त्या रात्री आठ महिन्यांची सगळी छायाचित्रे मी एकाखाली एक लावून पाहिली. पावसाच्या आठवड्यातल्या छायाचित्रांत जमीन कोरडी होती. एकच चित्र सहा-सात आठवड्यांच्या अंतराने पुन्हा आले होते. आणि डाल्मेशियनचा काळा कान, जो डावा आहे, तो चार छायाचित्रांत उजवा झाला होता, कारण तेच चित्र उलटे करून नव्याने वापरले होते. ठिपक्यांच्या कुत्र्याबाबत ही युक्ती करणे हा त्याचा एकमेव निष्काळजीपणा म्हणायचा.

यापुढची चूक माझी आहे आणि ती इतरांनी करू नये. मी रागाच्या भरात त्याच रात्री त्याला फोन करून जाब विचारला. सकाळपर्यंत त्याने सर्व ग्राहकांना कळवले होते की मी त्याचे पैसे थकवले, म्हणून तो स्वतंत्रपणे आणि कमी शुल्कात काम सुरू करत आहे. त्यांच्या घरांच्या किल्ल्या तेव्हा त्याच्याच खिशात होत्या. दोन ग्राहकांच्या दाराशी कॅमेरे होते, पण त्यांतले चित्रीकरण फक्त चौदा दिवस टिकणारे होते. एकाने माझ्या सांगण्यावरून ते उतरवून ठेवले, आणि त्यात त्याचे ये-जा करण्यातले सात मिनिटांचे अंतर स्पष्ट दिसते, तर दुसऱ्याचे मी विचारेपर्यंत पुसले गेले होते. आधी चित्रीकरण आणि संदेश जमा करायचे, मग किल्ल्या परत घ्यायच्या, आणि बोलणे त्यानंतर, असा क्रम हवा होता.

विम्याचा उपयोग झाला नाही. माझी पॉलिसी फेरीवर कुत्रा कोणाला चावला किंवा त्याला स्वतःला इजा झाली तर लागू होती. कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि त्याचे ग्राहक नेणे थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हते, कारण त्याच्याशी मी लेखी करारच केला नव्हता. कोणत्या फेऱ्या झाल्या आणि कोणत्या नाहीत हे ठरवणे अशक्य असल्यामुळे मी त्याच्याकडे सोपवलेल्या आठही ग्राहकांना आठ महिन्यांचे संपूर्ण शुल्क परत करण्याचे मान्य केले आणि ते हप्त्यांनी फेडते आहे. कुलपे बदलण्याचा खर्चही दिला, कारण परत आलेल्या किल्लीची प्रत निघाली नसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तीन ग्राहक त्याच्याकडे गेले.

आता जीपीएसचे यंत्र चालणाऱ्याच्या फोनऐवजी कुत्र्याच्या गळपट्ट्याला असते आणि ते मालकाने घरी लावून ठेवलेले असते. छायाचित्राची वेळ आणि जागा मी आयत्या वेळी कळवते. प्रत्येक फेरीत किती वेळा लघवी झाली, शौच कसे झाले, हे लिहावे लागते. या नोंदी खोट्या लिहिता येतात, पण संध्याकाळी घरी आलेल्या मालकाला त्या लगेच पडताळता येतात. महिन्यातून एकदा मी स्वतः, न सांगता, प्रत्येक कुत्र्याची एक फेरी करते, त्याचे वजन घेते आणि नखे पाहते. नव्या माणसाला या तपासण्या पहिल्याच दिवशी सांगते. दोघांनी त्या ऐकून काम नाकारले. किल्लीवर नाव-पत्ता नसतो, फक्त क्रमांक असतो, आणि ती रोज संध्याकाळी माझ्याकडे जमा होते.

जे तीन ग्राहक त्याच्याकडे गेले त्यांना मी छायाचित्रांच्या जोड्या, तारखा आणि चित्रीकरण पाठवले. दोघे परत आले. तिसऱ्यांनी उत्तरादाखल त्याच दुपारी आलेले त्यांच्या कुत्र्याचे छायाचित्र पाठवले आणि लिहिले की आमचा कुत्रा रोज व्यवस्थित फिरतो. ते छायाचित्र माझ्या संग्रहातही आहे.